धाकटीच्या नाटकातलं दार

भावोजींच्या छातीत मध्यंतरात कळ येणार, हे मंगळवारीच ठरलं होतं.

ठरवलं अर्थातच थोरलीनं. कळ नवऱ्याची असली तरी ती कधी यावी, किती यावी आणि तिला कुणाकुणाच्या खांद्यावर टेकवून बाहेर न्यावं, हे थोरलीच ठरवायची. भावोजींना शेवटी कळायचं, आणि तेही फक्त तारीख.

"बाळ्या, तू एका बाजूनं धर, मी दुसऱ्या बाजूनं धरते," तिनं फोनवर मधल्या भावाला सांगितलं होतं. "धाकटीचं नाटक शेवटचं आहे. आधीची तीन बघायची, तिला तोंड दाखवायचं आणि निघायचं. गावभर पोस्टर लागलंय. समलिंगी लेखक-लेखिकांच्या नव्या एकांकिकांची संध्याकाळ! त्यात आपली धाकटी, फोटोसकट. निदान फोटो तरी जरा बरा द्यायचा."

"हो," मधला म्हणाला होता.

हो म्हणणं हा मधल्याचा जुना आजार. आईच्या कपाटावरून दोघी बहिणी भांडल्या तेव्हा त्यानं कपाट दोघींनाही देऊन टाकलं होतं, आणि मग दुसरं हुबेहूब बनवण्यात अख्खा उन्हाळा घालवला होता. वडिलांचा दारं-खिडक्यांचा कारखाना तो चालवत होता. लाकडाशी त्याचं छान जमायचं, कारण लाकूड प्रश्न विचारत नाही.

तर थोरलीला हो म्हणून झालं, आणि आज सकाळी जिन्यात त्याला धाकटीनं गाठलं.

धाकटी म्हणजे कारखान्याची अर्धी मालकीण. गिऱ्हाइकांकडे जाऊन दारांची मापं घेणं तिचं काम. दाराचं माप घ्यायला गेली की ती आतली माणसंही मापून यायची आणि रात्री लिहून काढायची. वरच्या मजल्यावर ती राहायची, आणि तिच्याबरोबर दातांच्या डॉक्टर राहायच्या. घरात डॉक्टरांना 'भाडेकरू' म्हणत. घरमालकीण जिची पाठ चोळून देते, जिच्या चष्म्याचा नंबर तोंडपाठ ठेवते आणि जिला सर्दी झाली की स्वतः शिंकते, अशी ती जगातली एकमेव भाडेकरू असेल. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे माहीत नसल्यासारखं वागायला जेवढी माहिती लागते, तेवढी नक्कीच होती.

"दादा, आज शेवटपर्यंत बसायचंस."

"बसणार की."

"असं नको. नीट ऐक. डॉक्टर दुसऱ्या गावात दवाखाना बघून आलीय. म्हणते, सत्तावीस वर्षं भाडेकरू म्हणून काढली, आता कंटाळा आला. एकदा तरी तुझ्या माणसांसमोर खरं बोल, नाहीतर मी निघते. आणि ती निघाली तर मी काही इथं दारांची मापं घेत बसणार नाही."

मधल्यानं जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. "मग बोल की. तुला कुणी अडवलंय?"

"बोलू? मी तोंड उघडलं की तू रंधा हातात घेतोस. ताई भावोजींना गोळी द्यायला उठते. म्हणून तर नाटक लिहिलं. अंधारात बसलेल्या माणसाला मध्येच रंधा मारता येत नाही. ते वाक्य अगदी शेवटाला आहे. तू फक्त बस. मी विंगेतून तुझी खुर्ची बघणार आहे. रिकामी दिसली, तर मला उत्तर मिळालं."

"हो," मधला म्हणाला.

दिवसभर त्याला कळेना की आपण नक्की कुणाला हो म्हटलंय. अशा वेळी तो करायचा तेच त्यानं केलं. खूप लवकर निघाला.

हॉलवर पोचला तेव्हा दारात तिकीटवालाही नव्हता. बाथरूम शोधता शोधता तो चुकून स्टेजच्या मागच्या बाजूनं आत शिरला आणि एकदम थबकला. स्टेजवर दार होतं. नुसतं दार. चौकट, मागून दोन तिरके टेकू, आणि दार. लांबूनही त्यानं ते ओळखलं, आपलं पोर शाळेच्या फाटकात ओळखावं तसं. कारखान्याचं दार. वरच्या पट्टीवर वडिलांच्या काळापासूनचा डागलेला शिक्का.

एक नटी ते दार ढकलत होती. खांद्यानं, कुल्ल्यानं, मग पाय लावून. दार हलेना.

"काय दार आहे!" ती हसत दुसरीला म्हणाली. "कुणी बनवलंय कुणास ठाऊक!"

दोघी चहाला गेल्या. बाकीचेही गेले. मधला पडद्याआड उभा राहून लालबुंद झाला होता. आज सगळं गाव इथं बसणार, शिक्का स्टेजच्या दिव्याखाली चमकणार, आणि खाली दार चिकटणार! धाकटीच्या आयुष्यातली एवढी मोठी संध्याकाळ, आणि भावाच्या कारखान्याचं दार तिची शोभा करणार!

लोक गाडीच्या डिकीत जादा चाक ठेवतात, मधला रंधा ठेवायचा. धावत जाऊन घेऊन आला. चिकटणारी कड हातानं चाचपली, आणि मग त्याचा हात असा चालला की बस्स. लाकडाच्या पातळ कुरळ्या पट्ट्या भराभर खाली पडल्या. बिजागऱ्यांना साबण फासला. दाराला कडी नव्हतीच, ती कुणीतरी काढून टाकली होती. मूर्ख लोक, त्याला वाटलं. चौकट सरळ उभी आहे का हे बघायला ओळंबा लावायचा होता, पण चहावाले परत येताना ऐकू आले. मधल्यानं कुरळ्या पट्ट्या खिशात कोंबल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळंबा न लावता काम सोडून निघाला. जाता जाता दाराला एक बोट लावलं. दार लोण्यासारखं सरकलं.

बोलता आलं नाही म्हणून काय झालं, त्याच्या मनात आलं. केलं की काहीतरी तिच्यासाठी.

तिसऱ्या रांगेत सगळे बसले तेव्हा तो भलताच खुशीत होता. एका हाताला बायको, दुसऱ्या हाताला थोरली, तिच्या पलीकडे भावोजी. डॉक्टर त्याच रांगेत, पण अगदी कडेला, मध्ये तीन खुर्च्या सोडून. भाडेकरू बसते तशा.

पहिल्या नाटकात दोन पुरुष लिफ्टमध्ये अडकून घटस्फोटाची वाटणी करत होते, आणि सगळं भांडण काचेच्या भांड्यातल्या एका माशावर येऊन अडलं होतं.

"मासा खरा आहे का गं?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही छातीकडे लक्ष द्या," थोरली म्हणाली.

पण भावोजींचं लक्ष माशाकडून हटेना. एक नवरा म्हणाला, "मी त्याला नाव ठेवलंय," आणि दुसरा म्हणाला, "तू सगळ्यांनाच ठेवतोस," तेव्हा भावोजी एवढ्यानं हसले की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. दुसऱ्या नाटकात एक मेलेली बाई भूत होऊन आपल्या मैत्रिणीच्या घरी राहायला येते, आणि इमारतीची कमिटी तिला राहायची परवानगी देत नाही, कारण भूत रक्ताच्या नात्यातलं नसतं. भावोजी स्वतः कमिटीचे चिटणीस. ते संतापून म्हणाले, "नियमात बसतं! कुठं लिहिलंय बसत नाही?" तिसरं नाटक एका शिडीवर बसलेल्या तरुणाचं होतं. त्यात तो काहीच बोलत नाही. ते कुणालाच कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या.

मध्यंतर झालं. थोरलीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "हं. आता."

"काय आता?"

"कळ!"

"आज राहू दे गं," भावोजी म्हणाले. "मला शेवटचं बघायचंय. मजा येतेय."

"मजा? अहो, पुढच्या नाटकात ती ते बोलणार आहे!"

"मग बोलू दे की. माझ्यासमोर आज एक भूत बोलून गेलं."

थोरलीचा चेहरा असा झाला, की कळ तिलाच आली असावी. तेवढ्यात मधल्याची बायको गोड आवाजात म्हणाली, "काय हो वन्सं, कळ पुढं ढकलली का? डॉक्टर केव्हाच्या विचारतायत. म्हटलं, दातांच्या असल्या तरी शेवटी डॉक्टर आहेत, पहिला मान त्यांचा."

"तुला कुणी सांगितलं?" थोरलीनं मधल्याकडे जळजळीत बघितलं.

"मी काही बोललो नाही," मधला म्हणाला.

"हे झोपेत बोलतात," बायको म्हणाली. "जागेपणी बोलायची सोय नाही ना."

तेवढ्यात धाकटी आली. साडीचा पदर पिळून पिळून दोरी झाला होता. "सगळे आहात ना? आहात. बरं. दादा, बसलायस ना?"

"बसलोय. अगं, काळजी करू नकोस. सगळं नीट होणार बघ," मधला हळूच हसला. एवढं मोठं गुपित त्याला पोटात मावेना.

"कसलं नीट! माझं सगळं नाटक एका दारावर आहे. एक बाई बॅग भरून निघालेली असते आणि दार अडकतं. दुसरीला तेच हवं असतं. दोघी कोंडल्या जातात, भांडतात, हसतात. मग बाहेरून शेजारी विचारतो, आत तुमच्याबरोबर कोण आहे, आणि तिला उत्तर द्यावंच लागतं. दार उघडलं तर नाटकच नाही. म्हणून तर आपल्या गोदामातनं शोधून शोधून ते दार आणलं. बाबांच्या वेळचं ते, गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं, आठवतंय? पैलवानालाही उघडत नाही. कडीसुद्धा काढून टाकलीय, लागतेय कुणाला!"

ती निघून गेली. मधल्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"अहो, काय झालं?" बायको म्हणाली. "पांढरे पडलात."

"रंधा," मधला म्हणाला.

"काय रंधा?"

त्यानं खिशात हात घातला आणि लाकडाची एक कुरळी पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. त्या बाईनं या माणसाबरोबर अर्धं आयुष्य काढलं होतं. तिनं पट्टीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

दिवे गेले. पडदा वर गेला.

बॅग घेतलेली नटी म्हणाली, "मी चालले. परत येणार नाही," आणि तरातरा दाराकडे निघाली. ती दोन पावलांवर असतानाच दार, कुणी हातही न लावता, अदबीनं मागे उघडलं. एवढ्या अदबीनं की मोठ्या हॉटेलातला नोकर लाजला असता. चौकट मागच्या बाजूला झुकलेली होती. ओळंबा लावला असता तर कळलं असतं.

दारापलीकडे लिफ्टमधला मासा दिसत होता, आणि त्याच्या शेजारी करड्या दाढीचा एक माणूस केळं खात उभा होता. तो नाटकातला शेजारी. त्याचं काम फक्त आवाजाचं.

"अडकलंय वाटतं," दुसरी नटी सवयीनं बोलून गेली.

हॉल हसून कोसळला. पहिलीनं दार ओढून लावलं आणि पाठीमागं हातानं मूठ घट्ट धरून उभी राहिली. "हो ना," ती म्हणाली, "उघडतच नाही." पण तिला खिडकीकडे जायचं होतं. ती हलली, दार उघडलं. केळं अजून संपलं नव्हतं. तिनं लावलं. उघडलं. आता शेजारी दोन्ही हातांनी तोंड झाकून पळाला, सालासकट.

मधला उठला.

उठता उठता त्याला विंगेत धाकटी दिसली. ती दाराकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती, त्याच्या उठण्याकडे. तिचा चेहरा आधी कावराबावरा झाला आणि मग दार लावल्यासारखा बंद.

आता खाली बसलो तर नाटक गेलं, आणि नाही बसलो तर धाकटी गेली. ज्या माणसानं जन्मभर दोन्ही बाजूंना हो म्हटलं, त्याला असा पेच कधी पडला नव्हता.

"शाब्बास," थोरली पुटपुटली आणि तीही उठली. "अहो, चला. बाळ्या निघाला."

"मी नाही," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी बायकोची पर्स आपल्या मांडीवर घट्ट धरली.

मधला लोकांच्या गुडघ्यांवरून, पायांवरून, एकाच्या टोपीवरून बाहेर पडला. वळसा घालून मागं आला. अंधारात दोरांना अडखळला, शिडीवर आपटला, माशाची माफी मागितली आणि चौथ्यांदा उघडणारं दार त्यानं खांदा लावून आदळून बंद केलं.

पलीकडून नटीनं ढकललं. दार हललं नाही. तिनं पुन्हा ढकललं. "अडकलंय!" ती ओरडली, आणि त्या ओरडण्यात एवढा खरा आनंद होता की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाटक सुरू झालं. पलीकडे दोघी भांडायला लागल्या, मग हसायला लागल्या. इकडे मधला चौकटीला पाय रोवून उभा होता. आतलं एक एक वाक्य कानाजवळ येत होतं. चष्म्याच्या नंबराचं आलं. पाठ चोळण्याचं आलं. घरातलं सगळं आलं. मधल्याचे दोन्ही हात दाराला, त्यामुळे कान झाकायची सोय नव्हती.

कुणीतरी त्याची कॉलर धरली.

"कोण आहे रे तू? सोड, मी धरते!" मग आवाज बदलला. "दादा?"

"श्श. ढकलतेय ती."

"तू निघून गेलास. मी बघितलं. खुर्ची रिकामी..."

"गेलो नाही गं. इकडं आलो."

"इकडं कशाला?"

"दार उघडत होतं."

"का उघडत होतं? जन्मात उघडलं नव्हतं ते!"

धाकटीनं अंधारात दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. कड काचेसारखी गुळगुळीत होती. गावात असा हात एकाचाच.

"रंधा मारलास तू."

"चिकटत होतं गं."

"चिकटायलाच हवं होतं!"

"मग सांगायचंस ना आधी!"

"तुला आयुष्यात कधी काही सांगता आलंय का रे!" ती कुजबुजत ओरडली. ओरडता ओरडता तिनंही दाराला खांदा लावला, कारण पलीकडची नटी आता रंगात आली होती.

दोघं भाऊबहीण शेजारी शेजारी धापा टाकत उभी राहिली. पलीकडे एकदम शांतता झाली. ती शांतता वाढत गेली.

"काय झालं?" मधल्यानं विचारलं.

"शेजारी," धाकटीनं इकडंतिकडं बघितलं. "शेजाऱ्याचं वाक्य आहे. कुठं गेला तो?"

"तो केळं घेऊन पळाला."

"मेले! तू म्हण."

"मी?"

"पुरुषाचा आवाज हवा. 'आत तुमच्याबरोबर कोण आहे?' एवढंच. विचार, दादा."

एवढंच. सत्तावीस वर्षं जिन्यात रोज डॉक्टर भेटत होत्या आणि तो रोज पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होता. हॉल वाट बघत होता. धाकटी वाट बघत होती, आणि ती काही आजची वाट बघत नव्हती.

"आत..." मधला म्हणाला.

"मोठ्यानं."

त्यानं दाराकडे तोंड करायला हवं होतं. पण तो वळला तो धाकटीकडे, आणि हॉलच्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

पलीकडे नटीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं असणार. पण धाकटीनं तिला वेळच दिला नाही.

"माझं माणूस आहे!" ती ओरडली, भावाच्या तोंडावर. "सगळ्यांना सांगत आले, वर भाड्यानं राहते. नाही राहत भाड्यानं! माझं प्रेम आहे तिच्यावर. ती गेली तर मीही गेले, मग घाला कुलूप!"

असलं वाक्य नाटकात नव्हतंच. कुलूप तर कुठंच नव्हतं.

मग तिसऱ्या रांगेच्या कडेवरून, रोज 'आ करा' म्हणायची सवय असलेला स्वच्छ आवाज आला.

"ऐकलं. पण दाराआडून चालणार नाही. पुढं ये आणि म्हण."

धाकटीनं भावाकडे बघितलं. मधल्यानं खांदा काढला. दार आपल्या आपण, कुरकुर न करता, सताड उघडलं, आणि सगळ्या गावाला दिसली विस्कटलेली लेखिका आणि तिच्या शेजारी घामानं निथळणारा, शर्टभर साबण लागलेला तिचा भाऊ. दोन्ही नट्या बाजूला झाल्या. डॉक्टर खुर्चीसमोर उभ्या होत्या. थोरलीही उभीच होती, पर्स नसल्यामुळे तिला जाता येत नव्हतं.

"अरे बाळ्या!" ती न राहवून म्हणाली. "तू त्यात काय करतोयस?"

धाकटीनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. सगळा आवाज दाराआडच संपला होता.

तेवढ्यात मधला चालायला लागला. भर स्टेजवरून, दोन नट्यांच्या मधून, "जरा जाऊ द्या हं" म्हणत, पुढच्या पायऱ्या उतरून तो खाली आला. पुन्हा तेच गुडघे, तेच पाय, तीच टोपी. डॉक्टरांजवळ पोचल्यावर तो क्षणभर थांबला, आणि त्यांच्या आणि आपल्या मधल्या तीन रिकाम्या खुर्च्यांकडे बोट करून म्हणाला, "या की इकडं. तिकडं कशाला बसलाय?"

मग आपल्या खुर्चीत तो दाणकन बसला. थोरलीच्या पदराला धरून त्यानं तिलाही खाली ओढलं, आणि स्टेजकडे मान वर करून हाक मारली.

"बसलोय गं. म्हण आता."